सोलापूरचा उन्हाळा आणि एअरब्रश

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत ओल नावालाही उरत नाही. अशा दुपारी १/७२ मापाच्या मॉडेल विमानावर एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या छोट्या ब्रशने, ॲक्रिलिक रंग मारला, की पंख पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागतो. दोष रंगाचा नसतो. थेंब मॉडेलवर पोचण्याआधीच वाटेत वाळलेले असतात.

थेंब वाळायला लागणारा वेळ साधारणपणे त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला, की वेळ पाव! दाब वाढवला की थेंब आणखी बारीक होतात, म्हणून खरखर दिसताच हवेच्या दाबाचा रेग्युलेटर वर फिरवणे ही नेमकी उलटी चाल. दाब १५ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास आणा, ब्रश मॉडेलपासून ५ ते ७ सेंमीवर धरा, ब्रशच्या रंगाच्या कपात रिटार्डरचे, म्हणजे रंग वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे, एक-दोन थेंब टाका. रिटार्डर जास्त झाला, तर रंग बराच वेळ चिकट राहतो. शक्यतो सकाळी लवकर काम करा. खिडकीतला कूलर हवेत ओल आणतो, त्याचा ॲक्रिलिकला फायदाच होतो. फक्त झोत मॉडेलवर नको. लॅकरला, म्हणजे उग्र थिनरवर चालणाऱ्या झटपट वाळणाऱ्या रंगाला, मात्र हीच ओल बाधते, थर पांढुरका पडतो. पावसाळ्यातही तेच, त्यामुळे हवेच्या नळीवर मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतले पाणी अडवणारी डबी, हवाच.

पहिला ब्रश ०.३ मिमी नोझलचा, वर कप असलेला, डबल ॲक्शन घ्यावा: ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. ०.२ची रेषा देखणी येते, पण इथल्या उन्हाळ्यात ते नोझल सारखे चोंदते. सुईच्या टोकावर रंग वाळतोच. थिनरमध्ये भिजवलेला इअरबड दर चार-पाच मिनिटांनी टोकावर हलकेच फिरवा. ब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर टाकी असलेला घ्या, नाहीतर पंपाचे ठोके फवाऱ्यात उतरतात.

रंग दुधाइतका पातळ हवा. त्याहून पातळ झाला, किंवा ब्रश फार जवळ आला, तर ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा फाकतो. कपात बुडबुडे आले, तर नोझल सैल, तडकलेले किंवा चोंदलेले आहे, आणि हवा उलटी शिरते आहे. नोझल आवळताना जोर लावू नका, त्याची मान तुटते.

मॉडेल पुसायला घरातला टेरी टॉवेल नको, त्याची तूस रंगात अडकते. चष्म्याचे कापड वापरा. लॅकर मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ शोषणाऱ्या डब्यांचा) मास्क हवा; कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.