पेटीत राहून गेलेला भुंगेरा : डार्विनने पकडला १८३२ मध्ये, नाव मिळाले २०१४ मध्ये

१२ फेब्रुवारी २०१४ या दिवशी, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या २०५व्या जयंतीला, ‘झूकीज’ या शास्त्रीय नियतकालिकात एका भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव ‘डार्विनिलस सेडारिसी’. प्रजाती नवी होतीच, पण ती बसवायला जुने एकही घर सापडले नाही, म्हणून जीनसही (जवळच्या प्रजातींचा गट) नवा करावा लागला. गंमत म्हणजे हा ‘नवा’ कीटक टाचणीला लागून तेव्हा १८२ वर्षे होत आली होती आणि तो पकडणारा दुसरा कोणी नसून खुद्द डार्विन होता.

डार्विनला भुंगेऱ्यांचे वेड ‘बीगल’ जहाजावरून जगाच्या सफरीला निघण्याच्या आधीपासूनचे. केंब्रिजला अभ्यासापेक्षा कीटक गोळा करण्यातच त्याचा जीव जास्त रमे. झाडाची जुनी साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले, ते त्याने दोन हातांत धरले. तेवढ्यात तिसरा दिसला. मग उजव्या हातातला सरळ तोंडात टाकला! त्याने जिभेवर असा काही जहाल रस सोडला की तो थुंकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. हा किस्सा त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

‘बीगल’ सप्टेंबर १८३२ मध्ये अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांका बंदरात पोहोचली, तेव्हा डार्विन २३ वर्षांचा होता. त्याच किनाऱ्यावर, पुंता आल्ता इथे, त्याला लोप पावलेल्या अजस्र सस्तन प्राण्यांची हाडे सापडली. अशा हाडांपुढे बोटाच्या पेराएवढ्या भुंगेऱ्याकडे कोण बघणार? इंग्लंडला परतल्यावर जीवाश्म शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनकडे गेले, पक्षी पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डकडे, आणि दोघांनीही बऱ्याच झपाट्याने निकाल दिले. कीटकांना तसा एकच एक वाली मिळाला नाही. ते थोडे थोडे करून अनेक तज्ज्ञांकडे वाटले गेले. काहींची वर्णने झाली, काही पेट्यांत पडून राहिले. हा नमुना हरवला, असेच पुढे धरले गेले.

त्यात हा कीटक ‘रोव्ह बीटल’च्या कुळातला, स्टॅफिलिनिडीतला. भुंगेरा म्हटला की पाठीवर पूर्ण झाकण घालणारे दोन कडक पंख डोळ्यांपुढे येतात. इथे ते झाकण आखूड असते आणि पोटाची बरीच वलये उघडी राहतात. उडायचे पंख त्या चिमुकल्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. डिवचले की यातले बरेच जण विंचवासारखे शेपूट वर करतात. या कुळात ६०,०००हून अधिक प्रजातींची नोंद आहे. त्यातल्या कित्येक इतक्या सारख्या दिसतात की वेगळेपण ठरवायला नराचे जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. एवढे करायला तयार असणारी माणसे जगात कधीच फार नव्हती.

भारतातल्या रोव्ह बीटल्सचा मोठा दस्तऐवजही असाच एका माणसाच्या चिकाटीवर उभा आहे. माल्कम कॅमरन हे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. त्यांनी १९३० ते १९३९ या काळात ब्रिटिश इंडियातील स्टॅफिलिनिडींवर चार खंड, पाच पुस्तकांत, लिहिले. आपली या भुंगेऱ्यांशी ओळख मात्र वेगळ्याच वाटेने होते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती जमणारा तांबडा-काळा, मुंगीसारखा दिसणारा पेडरस याच कुळातला. तो अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातले पेडरिन हे विष कातडीला लागते आणि भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो. भाताच्या शेतात हाच किडा तुडतुडे खातो, पण त्याबद्दल त्याला दुवा देणारे कमीच.

तर, डार्विनच्या नमुन्याकडे परत. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतले कीटकशास्त्रज्ञ स्टिलियानोस हाट्झिमानोलिस यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून अभ्यासासाठी काही रोव्ह बीटल्स उसने मागवले. त्यांत एक वेगळाच दिसला. डोके आणि छातीवर निळसर-हिरवी धातूसारखी झाक, आणि मिशा करवतीच्या दात्यांसारख्या. टाचणीवरच्या चिठ्ठीने बाकीचे सांगितले : बाहिया ब्लांका, डार्विन. संग्रहालयात कीटकापेक्षा ही बोटभर चिठ्ठी मोलाची, असे मला नेहमी वाटते. ती गळून पडली असती तर उरला असता फक्त एक बेवारस किडा.

शोधाशोध केल्यावर दुसरा नमुना बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात मिळाला. तो बाहिया ब्लांकाच्या उत्तरेला शेकडो किलोमीटरवर, रिओ कुआर्तो इथे पकडलेला होता. दोन्ही नर निघाले. प्रजाती ठरवण्याच्या दृष्टीने हे नशीबच.

नावातला पहिला शब्द उघड आहे. दुसरा अमेरिकी विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यासाठी आहे. नमुने तयार करताना आणि आकृत्या काढताना तासन्‌तास त्यांची ऑडिओबुक्स सोबतीला होती, त्याची ही पावती. काहींना हा पोरकटपणा वाटेल. मला तर त्यातून या कामाचा खरा वेग कळतो. एका किड्याच्या मिशीचे चित्र पुरे होईपर्यंत एखादे आख्खे पुस्तक ऐकून होत असेल.

हे प्रकरण टोकाचे आहे, पण जगावेगळे नाही. नमुना हाती लागल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार वर्णन रीतसर प्रसिद्ध होत नाही तोवर त्या प्राण्याला शास्त्रीय नाव नसते, मग तो डार्विनच्या हातचा का असेना.

बर्लिनचा नमुनाही १९३५च्या आधीचा आहे. त्यानंतर पकडलेला एकही डार्विनिलस वर्णन लिहिताना हाती नव्हता. बाहिया ब्लांका आणि रिओ कुआर्तो यांच्यामधला बहुतेक मुलूख आता नांगराखाली आला आहे. प्रजाती अजून जिवंत असेल ना, ही काळजी वर्णन करणाऱ्यालाच पडली होती. मादी तर त्यांच्या पाहण्यातच आली नव्हती.