तासन्‌तास गेम खेळणं म्हणजे आजार?

"रोज चार-चार तास ऑनलाइन गेम खेळणारं पोर मनोरुग्ण असतं, आता तसं जाहीरच झालंय," हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. बातमीतला फोटोही ठरलेला: अंधारी खोली, कानावर हेडफोन, चेहऱ्यावर पडद्याचा निळा उजेड. पालक तो काळजीपोटी पुढे पाठवतात आणि ती काळजी खरी असते.

यातलं अर्धंच खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या (आयसीडी) ११व्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर', म्हणजे गेम खेळण्याचा विकार, आहे आणि ही आवृत्ती २०२२पासून लागू आहे. पण व्याख्येत तासांचा आकडा कुठेच नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं, हे तिन्ही दिसावं लागतं. त्यातून शिक्षण, काम किंवा नातीगोती चांगलीच विस्कटलेली असावी लागतात, तीही साधारण १२ महिने. लक्षणं तीव्र असली तर त्याआधीही निदान होतं.

"एवढी मॅच संपू दे गं आई," म्हणणारी आणि मॅच संपताच ताटावर येऊन बसणारी मुलगी यात बसत नाही. ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही. उठलं की संघातले जोडीदार अडकतात. हे ठाऊक नसलं की तो हट्ट वाटतो.

पडताळायचं कसं? हे वर्गीकरण इंटरनेटवर मोफत वाचता येतं, त्यात गेमिंग डिसऑर्डरचा कोड ६सी५१ (6C51). बातमीत मथळ्याखाली उतरा आणि बघा, निदान मानसोपचारतज्ज्ञाने केलंय की शेजाऱ्यांनी अंदाज बांधलाय.