जिल्हा परिषदेच्या शाळा, केंद्र आणि गाव : कारभाराची पार्श्वभूमी

खेड्यातल्या शाळेचं छप्पर गळायला लागलं की शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते. तो केंद्रप्रमुखामार्फत (आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी) तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि तिथून जिल्हा परिषदेत. ठराव गावाचा असतो, पण पैसा आणि माणसं जिल्ह्याच्या हातात असतात. ही विभागणी शंभरेक वर्षांत टप्प्याटप्प्याने झाली, आणि आज 'लोकसहभाग' म्हणताना जी ओढाताण होते तिचं मूळ याच विभागणीत आहे.

सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात संस्थानांत झाली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदा संस्थानभर नेला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तोच मार्ग धरला. ब्रिटिश मुलखात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली, आणि १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. पुढे तपासणीची सूत्रं सरकारने पुन्हा आपल्याकडे घेतली आणि १९४७ च्या कायद्याने बोर्डांची नव्याने रचना झाली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. विदर्भात स्वातंत्र्यानंतर काही वर्षं जनपद सभा या वेगळ्या स्थानिक संस्था होत्या. म्हणजे आजच्या महाराष्ट्रात तेव्हा एक पद्धत नव्हतीच.

ती आली १ मे १९६२ ला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, स्कूल बोर्डं गेली आणि प्राथमिक शाळा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आल्या. शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार सगळं जिल्ह्याला. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटाला, म्हणजे तालुक्यातल्या शाळांच्या एका गटाला, विस्तार अधिकारी. ही रचना भक्कम होती, राज्यभर शाळा पसरल्या त्या तिच्यामुळेच. पण गावाला त्यात अधिकृत जागा नव्हती. सरपंचाचं शाळेशी नातं झेंडावंदनापुरतं.

केंद्राची कल्पना कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालातल्या शाळा-संकुलाकडे, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाकडे, जाते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ती पुन्हा उचलली आणि महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं. साधारण दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्यातली एक केंद्रशाळा, महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद. आपल्याकडचा सर्वांत लहान शालेय 'जिल्हा' म्हणायचा तर हाच. मात्र केंद्रप्रमुखाला नेमणुकीचा, बदलीचा किंवा खर्चाचा अधिकार दिला नाही. त्याने भेटी द्यायच्या, मार्गदर्शन करायचं, अहवाल पाठवायचा. पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली की एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा पदभार येतो. मग भेटी मागे पडतात आणि माहितीचे तक्ते गोळा करणं एवढंच काम उरतं.

गावाला जागा मिळण्याचा मार्ग पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीने मोकळा केला. त्यानंतर ग्राम शिक्षण समित्या आल्या, पण त्या गावाच्या होत्या. शाळेत मूल नसलेले सदस्यही त्यांत चालत. खरा बदल १ एप्रिल २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने केला. कलम २१ प्रमाणे शाळेची स्वतःची शाळा व्यवस्थापन समिती आली; तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, वंचित घटकांना प्रमाणशीर जागा. महाराष्ट्रात १२ ते १६ सदस्य, अध्यक्ष-उपाध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सदस्य सचिव, दर महिन्याला बैठक आणि दर दोन वर्षांनी पुनर्रचना. कलम २२ ने शाळा विकास आराखडा समितीवर सोपवला. तो तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षवार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं आणि खर्च मांडायचा.

कागदावर हे नेमकं आहे. बिघडतं कुठे? बैठक सकाळी अकराला, सुगीच्या दिवसांत. माता-सदस्य रानात असतात आणि इतिवृत्ताची वही संध्याकाळी सहीसाठी घरोघर फिरते. अध्यक्षाचं मूल शेवटच्या वर्गातून बाहेर पडलं की सदस्यत्व संपतं. बँकेत त्याच्या सहीचा नमुना वेळेत बदलला नाही तर शाळेचं खातं अडतं. शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : तीसपर्यंत विद्यार्थी असतील तर १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. ही रक्कम मार्चच्या तोंडावर आली आणि ठराव आधीच तयार नसेल, तर ३१ मार्चच्या धांदलीत जे मिळेल ते घेतलं जातं. म्हणून जाणते मुख्याध्यापक डिसेंबरच्या बैठकीतच दुरुस्त्यांचा क्रम लावून ठराव करून ठेवतात. १० हजारांत खडू, झाडू, वीजबिल आणि नळाची तोटी एवढंच बसतं, हे पालकांना आकड्यांसकट सांगितलं तर लोकवर्गणीचं बोलणं सोपं जातं.

वर्गणीची लाट २०१५ च्या सुमाराला आली. सातारा जिल्ह्यातल्या, शिकवण्याच्या नव्या पद्धतीसाठी गाजलेल्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते, त्याच वर्षी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम निघाला. गावोगाव प्रोजेक्टर, टॅब, रंगरंगोटी झाली. देणाऱ्याला भिंतीवर नाव दिसेल अशी वस्तू द्यायला आवडते; दरमहाचं वीजबिल द्यायला कोणी पुढे येत नाही. बिल थकून जोड तुटलेल्या शाळांत टॅब कपाटात पडून राहिले.

समितीला खरं काम दिलं तर ती काय करू शकते हे बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यांत दिसतं. पालक कारखान्यावर गेले तरी मूल गावातच, आजी-आजोबांकडे राहावं म्हणून तिथे हंगामी वसतिगृहाची सोय असते आणि ती समिती चालवते. यादी करणं, दोन वेळचं जेवण, स्वयंपाकी, किराणा, हजेरी हे सगळं तिच्याकडे. यात वेळ फार महत्त्वाची. टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या घरांची यादी त्याआधी हवी आणि मंजुरीही. ती उशिरा आली तर मूल आई-बापाबरोबर बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसून गेलेलं असतं. मग पटावर नाव आणि वर्गात रिकामी जागा. यादी बनवताना तलाठ्याच्या कागदापेक्षा समितीतल्या बायकांची माहिती पक्की असते, कुणी कुणाची उचल घेतली हे त्यांना आधी कळतं.

२०१७ पासून बदल्या ऑनलाइन झाल्या. वशिला कमी झाला हे मान्यच, पण कुणाला ठेवून घ्यायचं यात गावाचं म्हणणं राहिलं नाही. त्याच वर्षी दहाच्या आत पट असलेल्या शाळांचं समायोजन, म्हणजे त्या बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवणं, सुरू झालं आणि २०२३ मध्ये वीसच्या आत पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीनच्या आत हवी. डोंगरी वाडीत हे अंतर नकाशावर मोजतात. मधला ओढा पावसाळ्यात चार महिने ओलांडता येत नाही, हे नकाशात येत नाही. अशा वेळी समितीचा ठराव हाच एक अधिकृत कागद. त्यात ओढ्याचं नाव, पाणी असण्याचे महिने, एसटीच्या वेळा आणि जाणाऱ्या मुलांची वर्गवार संख्या लिहिलेली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्याला त्यावर शेरा मारावा लागतो. 'शाळा बंद करू नये' एवढंच लिहिलेला ठराव फाइलला लागतो आणि तिथेच राहतो.