महाभियोगात साक्षीदार कोण बोलावतं?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालला की एक समज हमखास ऐकू येतो: खुर्चीवर सरन्यायाधीश बसतात, म्हणजे साक्षीदार कोणते घ्यायचे हेही तेच ठरवतात. तसं नाही. ते कामकाज चालवतात. एखाद्या मुद्द्यावर निर्णय दिला तरी सिनेट, म्हणजे जिथे हा खटला चालतो ते संसदेचं वरिष्ठ सभागृह, साध्या बहुमताने तो फिरवू शकतं. दोन तृतीयांश मतं लागतात ती दोषी ठरवायला, साक्षीदार बोलवायला नव्हेत.

२०२० चा ट्रम्प खटला बघा. माजी सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी समन्स आल्यास साक्ष देईन, असं आधीच जाहीर केलं होतं. तरी ३१ जानेवारीला साक्षीदार बोलावण्याचा ठराव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. रिपब्लिकन पक्षातले रॉम्नी आणि कॉलिन्स हे दोघेच ठरावाच्या बाजूने गेले. मतं समसमान पडली तरी आपण निर्णायक मत देणार नाही, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं. (१८६८ मध्ये जॉन्सन यांच्या खटल्यात सरन्यायाधीश चेस यांनी मात्र असं मत दिलं होतं, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे.)

त्या जुन्या खटल्यात ४१ साक्षीदार झाले. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्या वेळी फक्त तिघांच्या साक्षी, त्याही बंद खोलीत चित्रित केलेल्या. आणि २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या दुसऱ्या खटल्यात गंमतच झाली: ५५ विरुद्ध ४५ मतांनी साक्षीदारांना परवानगी मिळाली, पण काही तासांतच तडजोड होऊन एक लेखी निवेदन नोंदवलं गेलं. प्रत्यक्ष साक्षीला कुणीच आलं नाही.