दुपारी साडेचारला तो झोपलेला असतो

माझी भाची आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी वाढदिवसाला तिच्या हट्टापायी घरात हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा एक छोटा पाळीव प्राणी, आला. शाळेची बस तिला साडेचारला सोडते. दप्तर दारातच टाकून ती पिंजऱ्याकडे धावायची आणि तिथे दिसायचा फक्त भुशाचा ढीग. तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला, "मावशी, हा सारखा झोपलेलाच असतो गं. आजारी आहे का?" पाचव्या दिवशी तिनं भुशात हात घालून त्याला उचललं आणि तो कडकडून चावला. बोटातून रक्त आलं, रडारड झाली आणि हा प्राणी रागीट आहे असा घरात निकाल लागला. दुकानात परत देऊन टाकू, असंही ताई म्हणाली.

मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून हा खटला माझ्याकडे आला. आरोपीची बाजू मांडणं मला भाग होतं. बिळात गाढ झोपलेल्या एवढ्याशा जिवाच्या अंगावर वरून काही मोठं आलं, तर त्याच्या लेखी तो शिकारीच. पळायला वाट नसेल तर तो दात लावणार. पोरीनं काही वाईट केलं नव्हतं आणि त्यानंही नाही. दोघांच्या जागं असण्याच्या वेळा जुळत नव्हत्या.

मी तिला एक वही दिली आणि सांगितलं, दहा दिवस त्याला हात लावायचा नाही, फक्त लिहून ठेवायचं. रात्रीच्या नोंदी अर्थात आईकडून आल्या. भुशातून नाक पहिल्यांदा बाहेर कधी आलं? ८.५५, ९.१०, ९.०५, ९.२०. चाक फिरायला कधी लागलं? अकराच्या आसपास. पहाटे चारला ताईला जाग आली तेव्हाही चाक चालूच होतं. भाची साडेनऊला झोपते. म्हणजे दोघांना मिळून रोजचा जेमतेम अर्धा तास, तोही ती पेंगुळलेली असताना.

सवय लावली की बदलेल, असं आपल्याला वाटतं. पण हे घड्याळ सवयीचं नाही. हॅमस्टरला चोवीस तास अंधारात ठेवलं तरी त्याचं चाक रोज जवळजवळ ठरलेल्या वेळी सुरू होतं. म्हणून तर शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास करणाऱ्यांचा तो लाडका प्राणी. १९८८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना एक हॅमस्टर असा सापडला की त्याचा दिवस चोवीस तासांपेक्षा बराच आधी संपायचा. त्याच्या वंशातल्या काहींचा दिवस तर जेमतेम वीस तासांचा निघाला. दोन वर्षांनी त्यांनी मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक बारीकसा पुंजका एका हॅमस्टरचा काढून दुसऱ्यात बसवला. ज्याचा पुंजका, त्याच्या घड्याळाप्रमाणे तो धावू लागला. जागं कधी व्हायचं हे त्या पुंजक्यात ठरलेलं असतं. आठ वर्षांच्या मुलीच्या मायेनं ते बदलणार नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. पिंजऱ्यात निशाचर असणारी हीच जात रानात वेगळी वागते. दक्षिण तुर्कस्तानातल्या शेतांत संशोधकांनी रानटी हॅमस्टरच्या माद्यांवर नजर ठेवली, तर त्या चक्क दिवसाउजेडी बाहेर पडत होत्या. हे २००८ साली प्रसिद्ध झालं तेव्हा मी वाचून चकित झाले होते. पण आपल्या घरातल्या हॅमस्टरसाठी त्यातून आशा बाळगण्यात अर्थ नाही. तो रात्रीच उठणार.

दुकानांत सर्रास मिळणारा मोठा, सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियाचा. त्याच्या घरोघरी पोचण्याची गोष्ट एका आजारापासून सुरू होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले सॉल ॲडलर काळा आजारासारखे आजार घडवणाऱ्या परजीवींवर काम करत होते. त्यांना प्रयोगासाठी चिनी हॅमस्टर लागायचे आणि ते पिंजऱ्यात पिल्लंच देत नसत. त्यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी १९३० च्या एप्रिलमध्ये अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात गेले. मजुरांनी बरंच शेत उकरलं, तेव्हा सुमारे आठ फूट खोल एक आई आणि तिची अकरा पिल्लं सापडली. पेटीत ठेवताच घाबरलेल्या आईनं एका पिल्लाचा जीव घेतला. उरलेली पिल्लं अहारोनी आणि त्यांच्या पत्नीनं हातानं वाढवली. काही पळाली, काही मेली. जी मोजकी भावंडं उरली त्यांचा वंश वर्षभरात दीडशेच्या घरात गेला. आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्या एका विणीचे वंशज आहेत. प्रयोगशाळेतलं त्यांचं काम अजून सुरूच आहे. कोव्हॅक्सिन ही लसही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत हॅमस्टरांवर तपासली गेली होती.

म्हणजे माणसाच्या घरात येऊन त्याला शंभर वर्षंही झालेली नाहीत. कुत्रा हजारो वर्षं आपल्यासोबत राहून माणसाळला. हॅमस्टर अजून मनानं त्या शेतातच आहे, हे लक्षात ठेवलं की त्याचं बाकीचं वागणं उलगडतं.

अलेप्पोच्या परिसरात पुढे, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, संशोधकांनी तीस बिळं तपासली. सरासरी खोली ६५ सेंटीमीटर. आणि एकाही बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ हॅमस्टर नव्हता. हे आईवडिलांना मी हात जोडून सांगते. 'एकटा कंटाळेल म्हणून जोडी घ्या' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सोनेरी हॅमस्टर दहा आठवड्यांचे होईपर्यंत वेगळे केले नाहीत तर मारामाऱ्या होतात, आणि पिंजऱ्यात हरणाऱ्याला पळायला जागा नसते. नर-मादी असतील तर दुसराच घोळ. गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा, आणि एका वेळी आठ-दहा पिल्लं.

त्या ६५ सेंटीमीटरचा अर्थ मला ताईच्या घरचा पिंजरा बघून नीट समजला. लोखंडी जाळी, खाली दोन बोटं भुसा आणि तळहाताएवढं चाक. तो रोज रात्री एका कोपऱ्यातला तोच गज दातांनी कुरतडत बसायचा. तिथला रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं. भाचीला वाटे, त्याचे दात शिवशिवतात. हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात हे खरं, पण त्यासाठी लाकडाचा तुकडा पुरतो. स्वित्झर्लंडमध्ये संशोधकांनी हॅमस्टरांना भुशाचा १०, ४० आणि ८० सेंटीमीटर थर असलेल्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिलं. ८० सेंटीमीटरवाल्यांनी गज कुरतडले नाहीत, १० सेंटीमीटरवाले कुरतडत राहिले. खणायला मिळालं की ते थांबतं, असं त्यातून दिसतं.

आम्ही मग काचेची एक जुनी माशांची टाकी आणली, जवळजवळ मीटरभर लांब. वर हवा जाईल अशी जाळी. तळाला कागदाचे कपटे, कोरडं गवत आणि भुसा मिसळून गुडघ्याच्या खालपर्यंत थर. चाक मोठं घेतलं, कारण लहान चाकात पाठ मागे वाकून कण्याला त्रास होतो. एक चूक बरीच घरं मायेपोटी करतात: थंडी वाजेल म्हणून कापूस घालतात. त्याचे धागे पायाला आवळून बसतात, पोटात गेले तर अडकतात. कापूस नको.

दुसऱ्याच रात्री त्यानं बोगदा खणला. भाचीनं काचेला नाक लावून पाहिलं. गालांत बाजरी, सूर्यफुलाच्या बिया कोंबून डोकं दुप्पट रुंद झालेलं, आणि मग खाली जाऊन पुढच्या पायांनी गाल मागून पुढे ढकलत सगळा माल एका कप्प्यात रिकामा केला. त्या पिशव्या आत थेट खांद्यापर्यंत जातात. जर्मन भाषेत 'हॅमस्टर्न' या क्रियापदाचा अर्थच साठेबाजी करणं असा आहे. भाची अर्धा तास हलली नाही.

नागपूरकर म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी मे महिन्याची. हॅमस्टरला घाम येत नाही. त्याला २० ते २४ अंशांच्या आसपास बरं वाटतं. तीसच्या वर तो मलूल होतो, आणि पस्तिशीनंतर जिवावर बेततं. रानात तो उन्हाच्या वेळी खोल जमिनीत जातो, काचेच्या टाकीला ती सोय नाही. घरात कूलर असेल तर टाकी त्याच खोलीत ठेवावी लागते, पण थेट झोतात नाही. दुपारी दोन तास वीज गेली तर काय, याचं उत्तर आधीच तयार हवं. ताईनं मातीची एक बसकी कुंडी उपडी घालून त्याच्यासाठी गार कोपरा केला, आणि फ्रीजमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवून ठेवायची. विदर्भात, खानदेशात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्या कुटुंबानं मेमध्ये तो कुठे राहणार हे ठरवल्याशिवाय हॅमस्टर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलांच्या हातातही तो सुरक्षित नसतो. वजन शे-दीडशे ग्रॅम, नजर अधू, उंचीचा अंदाज नाही. तो टेबलाच्या कडेवरून सरळ चालत खाली पडतो. मुलानं उभं राहून त्याला उचलू नये. जमिनीवर मांडी घालून बसावं आणि त्यानं स्वतःहून ओंजळीत यावं. हाताळल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं, कारण निरोगी दिसणाऱ्या हॅमस्टरच्या लेंड्यांतूनही साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो. घरात कोणी गरोदर असेल तर पिंजरा तिनं साफ करू नये, उंदरांच्या जातीतून येणारा एक विषाणू गर्भाला घातक ठरतो. नवीन आणलेल्या पिल्लाची शेपटीकडची बाजू जुलाबांनी ओली दिसली तर सकाळची वाट पाहू नये. त्या जुलाबांनी ते दोन दिवसांत दगावू शकतं. म्हणून आणण्याआधी एक फोन करून विचारावं की आपल्या गावातले पशुवैद्य इतका छोटा प्राणी बघतात का. बरेच जण बघत नाहीत.

मग मुलासाठी हॅमस्टर घ्यावा का? सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलासाठी मी नाही म्हणते. दहा-अकरा वर्षांच्या, शांत बसून बघायला आवडणाऱ्या मुलाच्या घरी घ्यावा, पण तो आईचा किंवा बाबांचा म्हणून. पाणी बदलणारं, दिवाळीत गावाला जाताना त्याची सोय लावणारं माणूस मोठंच असणार. मांडीवर घेऊन कुरवाळायला हवं असेल तर हा प्राणी तो नव्हेच. गिनी पिग दिवसा जागे असतात, पण त्यांना जोडीदार लागतो आणि ते पाच-सात वर्षं जगतात. पोपटाचा विचार सोडा, आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे.

आणि हॅमस्टर दोन, फार तर तीन वर्षं जगतो. तिसरीत आणला तर पाचवीत तो नसेल. हे मुलाला आणण्याआधी सांगावं, मेल्यावर नाही. ताईनं भाचीला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्याचा आता किती टक्के झाला?"

त्याला परत दिला नाही. शनिवारी भाचीला दहापर्यंत जागायची परवानगी आहे. ती दिवा मालवते, कोपऱ्यात मंद लाल झिरो बल्ब लावते, कारण लाल उजेड त्याला फारसा दिसत नाही, आणि टाकीत तळहात उपडा न ठेवता उताणा ठेवून बसते. हातावर सूर्यफुलाची एक बी. मागच्या शनिवारी तिच्या वहीत नोंद आहे: ९.४०, चारही पाय हातावर, बी घेऊन गेला.