शैक्षणिक पालकत्व (दंतवैद्यक)

गरीब घरातल्या किंवा गरीब देशातल्या विद्यार्थ्याचा दंतवैद्यक पदवीचा खर्च एखाद्या व्यक्तीने, कुटुंबाने वा संस्थेने पदवी हाती पडेपर्यंत उचलणे. खर्च करणाऱ्याला ‘पालक’ आणि शिकणाऱ्याला ‘पाल्य’ म्हणतात. शिष्यवृत्ती गुण आणि उत्पन्नाचा दाखला बघून मिळते, नियमात बसेनासे झाले की थांबते. पालकत्वात समोरचा मुलगा किंवा मुलगी ओळखीची असते, त्यामुळे एखादे वर्ष वाया गेले तरी नाते तुटत नाही. निदान तुटू नये.

पुण्याला ही कल्पना नवी नाही. परगावाहून शिकायला आलेली मुले इथे ‘वार’ लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. ज्यांना वार मिळत नसे ती माधुकरी मागत. १९०९ मध्ये निघालेले अनाथ विद्यार्थी गृह (आताचे पुणे विद्यार्थी गृह) याच गरजेतून उभे राहिले, आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. वार लावण्यात अपमान होता, हे त्या पिढीतल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने ती पद्धत चोख होती: एका घरावर सगळा भार नाही आणि मुलगा उपाशी नाही. दंतवैद्यकाच्या पालकत्वाला हाच हिशेब सर्वांत जास्त लागू पडतो.

परदेशी पालकाचे मराठी माणसाला सर्वांत परिचित उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. त्या शिकल्या वैद्यक, पण दाताच्या डॉक्टरचा दवाखाना या कथेतही आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर आपल्या दंतवैद्याकडे नंबर लागण्याची वाट बघत बसल्या असताना एका मिशनरी मासिकात त्यांनी जोशी दांपत्याबद्दलचा पत्रव्यवहार वाचला आणि पत्र धाडले. पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या, कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. पालकत्व फीच्या पावतीशी संपत नाही, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

खर्चाचे स्वरूप. भारतात बीडीएस ही पदवी चार वर्षांची, त्यावर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. प्रवेश नीट परीक्षेतून. राज्यातली जुनी शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पुण्यातली परिचित नावे म्हणजे कात्रज-धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील, आझम कॅम्पसमधले रंगूनवाला आणि वडगावचे सिंहगड. ही खासगी किंवा अभिमत विद्यापीठांतली आहेत. त्यामुळे फी हा आकडा मोठा आणि डोळ्यांत भरणारा असतो. पालक तो भरतो, पावती फाइलला लावतो आणि आपले काम झाले असे समजतो. खरी अडचण इथूनच सुरू होते.

वैद्यकीयच्या मुलाचे सुरुवातीला पुस्तके, एप्रन आणि स्टेथोस्कोप यांवर भागते. दंतवैद्यकाच्या मुलाला पहिल्या वर्षापासून हत्यारे लागतात. दातांची रचना शिकताना मेणाच्या वडीतून पटाशीचा दात, सुळा, उपदाढ, दाढ कोरायची असते. हातात लेक्रॉन कार्व्हर (मेण कोरायची छोटी सुरी), शेजारी मिलिमीटरची पट्टी. दाढेचा शेवटचा कंगोरा काढताना सुरी जरा घसरली की वडी फुकट आणि नवी घ्यायची. दुसऱ्या वर्षी नकली डोक्यात बसवलेल्या नकली दातांवर सराव सुरू होतो. त्याला ‘फँटम हेड’ म्हणतात, आणि भुताच्या नावाला शोभेल असाच त्याचा अवतार असतो. सोबत प्लास्टर, मेण, ॲक्रिलिक आणि एअरोटरचा (दात कोरायच्या यंत्राचा) हँडपीस, म्हणजे हातात धरायचा भाग. सरावासाठी खरे, काढलेले दात लागतात; ते गावातल्या डॉक्टरांकडून बरणीत गोळा करायचे आणि निर्जंतुक करून वापरायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी इतके दात काढणे, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या असा कोटा असतो. कोटा भरायला पेशंट लागतो, आणि तो आपणहून आला नाही तर काही मुले त्याचे एसटीचे भाडेही स्वतःच्या खिशातून देतात. पुस्तके अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. जुना हँडपीस घेणे मात्र बहुधा अंगाशी येते.

म्हणून अनुभवी संस्था पालकत्व वाटून देतात. एकाने फी, दुसऱ्याने हत्यारे, तिसऱ्याने मेस आणि खोली, चौथ्याने परीक्षेचे व नोंदणीचे पैसे. वाराचीच ही नवी मांडणी. त्यात आणखी एक सोय अशी की एखादा पालक आजारी पडला किंवा निवृत्त झाला तर पाल्याचे वर्ष बुडत नाही. नापास झाल्यास वाढीव मुदतीचे पैसे कोण देणार, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे. पुण्यात हा विषय काढायला संकोच करतात आणि नंतर पाच वर्षांचे सहा झाले की दोन्हीकडे अवघडलेपण येते. वार्षिक सभेत पाल्याला मंचावर बोलावून आभाराचे भाषण करायला लावण्याची रीत तर बंदच व्हायला हवी.

शासनाच्या योजनांशी पालकत्वाची सांगड घालावी लागते. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर. हे पैसे उशिरा येतात. मधल्या महिन्यांत कॉलेज थांबत नाही, तेव्हा पालकाचा खरा उपयोग होतो.

अल्प उत्पन्न देशांत. जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे. अल्प उत्पन्न गटात मलावी, रवांडा, युगांडा यांसारखे देश येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि संघटनेच्या आफ्रिका विभागात लाख लोकांमागे जेमतेम तीन दंतवैद्य आहेत. रवांडाच्या विद्यापीठात दंतवैद्यकाची पदवी २०१३ मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी एका विद्यार्थ्याचा खर्च उचलणे म्हणजे एका तालुक्याएवढ्या वस्तीला डॉक्टर देण्यासारखे असते. पुण्यात, जिथे एका गल्लीत तीन पाट्या दिसतात, तिथे हे प्रमाण डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते.

पण पदवीनंतर काय, हा प्रश्न तिथे जास्त बोचतो. एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतो तो दाबाखालच्या हवेवर. त्याला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज, आणि बिघडला तर सुटा भाग. वीज नसलेल्या दवाखान्यात पुण्यातली महाग खुर्ची नेऊन ठेवली तर तिच्यावर फार तर फायली ठेवता येतील. १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झालेली एआरटी पद्धत इथे उपयोगी पडते: हातातल्या हत्यारांनी कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचे. हे सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (दाताची कीड थोपवणारे औषध) २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. पालकाने पाल्याच्या अभ्यासक्रमात एआरटी आहे का, एवढे तरी विचारावे. काही ठिकाणी पूर्ण पदवीऐवजी डेंटल थेरपिस्टचे (दातांचे साधे उपचार करणाऱ्या सहायकाचे) छोटे शिक्षण देणेच शहाणपणाचे ठरते; खर्च कमी, आणि शिकलेला माणूस गावातच टिकण्याची शक्यता जास्त.

पैशांची वाट. पुण्यातल्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (सुरुवात २००४) आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे एखाद्या घराने युगांडातल्या मुलीची फी भरणे शक्य आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचे तसे नाही: देशाबाहेर खर्च केलेल्या पैशाला साधारणपणे आयकराची सूट मिळत नाही, म्हणून न्यास त्या वाटेला जात नाहीत. उलट दिशेने, परदेशी पालकाचा पैसा इथल्या संस्थेला घ्यायचा तर २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावा लागतो. आयकरात सवलत देणाऱ्या ज्या ‘एटी-जी’ (८०-जी) पावतीची देणगीदार आठवण करतात ती न्यासाला दिलेल्या रकमेवर मिळते. विद्यार्थ्याच्या हातात थेट दिलेल्या पैशावर नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ती सवलतही गेली.

पाल्य गावाकडे परत जावा अशी पालकाची इच्छा असते. जिल्ह्याच्या आडबाजूला मिसरी लावणाऱ्या बायकांचे काळवंडलेले दात आणि तोंडातले डाग बघायला आजही कुणी नसते. पण स्टँप पेपरवर लिहून घेतलेल्या हमीने मुलगी तिथे राहत नाही. राहायला खुर्ची, कॉम्प्रेसर आणि पहिल्या वर्षाचे भाडे लागते, आणि ते बहुतेक पालकत्वाच्या अर्जात कुठल्याच रकान्यात नसते.