बास्केटबॉलचे चित्रपट: हसू, हुरहूर आणि प्रेक्षकाचे शरीर

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप उभे राहतात, आणि डोळ्यांना पदर लावून बसलेला प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात विनोदी नटाला पोट धरून दाद देतो. अशा प्रेक्षकाला बास्केटबॉलचा हलकाफुलका चित्रपट भावेल की गंभीर, याचे उत्तर बरेचसे शरीराच्या घडणीत दडलेले आहे.

माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो सोबतीत हसतो, असे हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले. मायकेल जॉर्डन कार्टून पात्रांसह परग्रहवासीयांशी सामना खेळतो तो ‘स्पेस जॅम’ (१९९६) म्हणूनच मोबाइलवर एकट्याने पाहताना बेताचा वाटतो. शाळेच्या वऱ्हांड्यात पोरांच्या गर्दीत मात्र तो खुलतो.

गंभीर चित्रपटाची ताकद निराळी आहे. उत्कंठेने वाढलेले हृदयाचे ठोके लगेच ओसरत नाहीत आणि ती उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेत मिसळून तिला धार आणते, हे माध्यमांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी मांडले. बास्केटबॉल यासाठी जणू घडवलेलाच आहे: चेंडू हातातून सुटलेला, ३.०५ मीटर उंचीवरची रिंग, घड्याळातले शेवटचे क्षण, आणि निकाल अजून हवेत. ‘हूझिअर्स’ (१९८६) हा चित्रपट ज्या सामन्यावरून सुचला, त्या १९५४ च्या अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मायलन या लहानशा गावच्या बॉबी प्लंपने चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू नुसता धरून ठेवला आणि अखेरच्या क्षणी बास्केट करून ३२–३० असा विजय मिळवला. मुरमाड मैदानावर जाळी नसलेल्या रिंगखाली खेळणाऱ्या आपल्याकडच्या मुलाला ही हुरहूर उपशीर्षकांवाचून कळते.

माझ्या मते आपल्या गावांत गंभीर चित्रपटच अधिक पकड घेईल, मात्र त्यात हसण्याला जागा हवी. ताणानंतर आलेला विनोद अधिक जोरात का हसवतो, हे झिलमन यांच्याच सिद्धांतातून उलगडते आणि झाडीपट्टीच्या नटांना ते अनुभवाने ठाऊक आहे. ‘हूप ड्रीम्स’ (१९९४) हा जवळपास तीन तासांचा माहितीपट मात्र या हिशेबात बसत नाही. शिकागोतील दोन मुलांपैकी एकाला फी थकल्यामुळे खासगी शाळा सोडावी लागते आणि दुसऱ्याचा गुडघा दुखावतो. असे चित्रपट माणूस करमणुकीपेक्षा जगण्याचा अर्थ शोधण्यासाठी पाहतो, असे मेरी बेथ ऑलिव्हर यांचे संशोधन सांगते, आणि थकलेल्या फीचा तो प्रसंग कापसाच्या भावावर मुलांचे शिक्षण बेतणाऱ्या घरात कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.